विलायतेतली खोली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये बॅरिस्टर व्हायचे तर परीक्षा द्यावी लागे आणि जेवावेही लागे. ज्या ‘इन’मध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेत, नाव घातले तिथे १२ सत्रे भरायची, आणि हजेरी धरली जायची ती भोजनाच्या टेबलावर. एका सत्रात साधारण २४ जेवणे होत, त्यांतल्या निदान ६ जेवणांना बसले की सत्र भरले. म्हणजे तीन वर्षांत ७२ संध्याकाळी. १८८८ साली इनर टेंपलमध्ये नाव घातलेल्या मोहनदास गांधींनी आत्मकथेत या जेवणांबद्दल लिहून ठेवले आहे. चौघांत मिळून वाइनच्या दोन बाटल्या येत. गांधी वाइनला शिवत नसत, म्हणून त्यांना आपल्या चौकडीत घ्यायला बाकीचे टपलेले असत.

७२ संध्याकाळी इनने सांभाळल्या. उरलेल्या हजारभर संध्याकाळी विद्यार्थ्याने कुठे राहायचे, काय खायचे, आजारी पडला तर कुणाला हाक मारायची, हे पाहणारे कुणी नव्हते. ऑक्सफर्ड-केंब्रिजला जाणाऱ्यांचे थोडे बरे होते, कारण तिथल्या कॉलेजांत खोली आणि भोजनगृह असे. १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, त्या काळात त्यांच्या मागे अख्खे कॉलेज उभे होते. लंडनला किंवा एडिंबराला उतरणाऱ्याच्या हातात मात्र चिठ्ठ्याचपाट्या असत आणि डोळ्यांपुढे अनोळखी रस्ते.

परदेशी शिकून आलेल्यांचा इतिहास आपल्याकडे पदव्यांच्या यादीने सांगितला जातो. त्या पदव्यांच्या मागे कुणाच्या तरी घरातली भाड्याची खोली असते, कुणीतरी वाढलेले ताट असते, ते चरित्रांच्या एखाद्या ओळीत उरकले जाते. खरे तर या माणसांचे पुढचे आयुष्य विद्यापीठाइतकेच या खोल्यांनी घडवले. खोली कुणी दिली, कोणत्या अटीवर दिली आणि कुणाला नाकारली, हे पाहिले की त्या काळाची नीट ओळख पटते.

घर सोडणेच मुळात महाग होते. गांधी निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाणी जातीने सभा भरवून त्यांना वाळीत टाकले. तीन वर्षांनी परतल्यावर थोरल्या भावाने त्यांना आधी नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घडवले आणि मग राजकोटला जातभोजन घातले. समुद्र ओलांडण्याचे प्रायश्चित्त ते हे. विलायतेत अडचण आली तर घरी कळवायची सोय नव्हती, कारण घरचे विचारणार, जाऊ नको म्हटले होते ना?

आनंदीबाई जोशींनी हा विरोध सभेत उभे राहून अंगावर घेतला. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालात श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्यांनी आपण वैद्यकी शिकायला अमेरिकेला का जातो हे जाहीरपणे सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८ वर्षे. धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यायला आल्या थिओडोशिया कार्पेंटर. या बाईंचा आणि जोशी कुटुंबाचा काही संबंध नव्हता. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले होते, ते त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचले आणि पत्रव्यवहार सुरू केला. त्यातून आनंदीबाईंना न्यू जर्सीतल्या रोझेल गावात घर मिळाले. त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणत.

मावशीचे घर आणि कॉलेजची खोली यांतला फरक त्यांना शरद ऋतूत कळला. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाने दिलेल्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर पेनसिल्व्हेनियाची थंडी. नऊवारी नेसून त्या थंडीत निभाव लागेना, तेव्हा कंबर आणि पाय झाकले जावेत म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली आणि ते गोपाळरावांना लगेच कळवले नाही. शाकाहार सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ला, क्षयाने पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. मावशी हे नाते नुसते तोंडदेखले नव्हते, याला आणखी पुरावा लागत नाही.

अशी घरे इंग्लंडातही होती. मेरी कार्पेंटर यांनी १८७० मध्ये ब्रिस्टलला नॅशनल इंडियन असोसिएशन काढली, आणि पुढे तिच्या चिटणीस एलिझाबेथ मॅनिंग यांनी लंडनला येणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांच्या ओळखी करून देणे, संमेलने भरवणे, राहण्याची जागा सुचवणे हे काम वर्षानुवर्षे केले. रवींद्रनाथ टागोर विद्यार्थी म्हणून गेले तेव्हा लंडनमध्ये डॉक्टर स्कॉट यांच्या कुटुंबात राहिले. हिंदी पाहुणा येणार म्हणून त्या घरातल्या मुली आधी घाबरल्या होत्या, मग त्यांनाच त्याचा लळा लागला. नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारल्यावरून झालेल्या मुंबईच्या गाजलेल्या खटल्यानंतर १८८९ साली लंडनच्या स्त्री वैद्यकीय शाळेत दाखल झालेल्या रखमाबाईंना खासदार वॉल्टर मॅक्लारेन आणि त्यांच्या पत्नी ईवा यांनी आधार दिला. पण अशी घरे मोजक्यांच्या नशिबी. त्यासाठी शिफारसपत्र लागे, नाव झालेले असावे लागे.

बाकीच्यांचा संसार घरमालकिणीच्या हाती. लंडनच्या पश्चिमेला आणि ब्लूम्सबरीत शेकडो विधवा आणि प्रौढ बायका घरातल्या खोल्या भाड्याने देऊन पोट भरत. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण भाड्यात धरलेले असे. या बायकांना हिंदी विद्यार्थ्याचे खाणे-पिणे ठाऊक नव्हते आणि विद्यार्थ्याला त्यांच्या घराची शिस्त ठाऊक नव्हती. गांधींचे पहिले काही महिने या अज्ञानात गेले. व्हिक्टोरिया हॉटेलात थोडेसे राहिले तरी तीन पौंड बिल झाले आणि त्यांना धसका बसला. रिचमंडला एका मित्राकडे राहून ते इंग्रजी रीतभात शिकले. मग वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवेच्या घरी खोली घेतली. आईला दिलेल्या वचनापायी मांस वर्ज्य, आणि मालकिणीने केलेल्या उकडलेल्या भाज्यांना चव नाही. पोट भरत नसे, पण आणखी पाव मागायला लाज वाटे. घरातल्या दोन मुली आग्रहाने एखादा तुकडा जास्त वाढत, तेवढाच आधार. पुढे भटकता भटकता फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो असे त्यांनी लिहिले आहे.

यानंतरचा भाग आजच्या विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखा आहे. गांधींनी पै-पैचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. आठवड्याला ८ शिलिंगांची एकच खोली घेतली, एक स्टोव्ह विकत घेतला, सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करू लागले. खाण्याचा खर्च दिवसाला १ शिलिंग ३ पेन्सवर आला. बस टाळून ते रोज आठ-दहा मैल चालत. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी लंडनला शिकायला येणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. कोणते कपडे न्यावेत, बोटीत काय खावे, खोली कशी शोधावी, आठवड्याला एक पौंडात कसे भागवावे, असे सगळे त्यात आहे. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही, हे फार वाईट झाले. त्या काळी घराघरांत विलायतेच्या खर्चाचे फुगलेले आकडे फिरत होते आणि त्यापायी कितीतरी हुशार मुले कधी बोटीत चढलीच नाहीत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोलीचा प्रश्न राजकीय झाला. कच्छमधल्या मांडवीचे श्यामजी कृष्णवर्मा ऑक्सफर्डमध्ये संस्कृत शिकवून, बॅरिस्टर होऊन, संस्थानांत दिवाणगिरी करून लंडनला स्थायिक झाले होते. हिंदी विद्यार्थ्याला घर हवे हे त्यांनी ओळखले. १ जुलै १९०५ रोजी उत्तर लंडनच्या हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल अॅव्हेन्यू इथे इंडिया हाऊस उघडले. समाजवादी पुढारी हाइंडमन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे २५ जणांची राहण्याची सोय, वाचनालय, व्याख्यानाचे दालन. श्यामजींच्या शिष्यवृत्त्याही होत्या, आणि त्या घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही अशी अट होती. पॅरिसच्या सरदारसिंह राणांनी राणा प्रताप, शिवाजी आणि अकबर यांच्या नावाने शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांतली शिवाजी शिष्यवृत्ती लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकरांना मिळाली आणि १९०६ मध्ये ते इंडिया हाऊसमध्ये राहायला आले. अहमदनगर जिल्ह्यातल्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, एडिंबराला शिकत होते. ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलल्याबद्दल त्यांची शिष्यवृत्ती गेली, तेव्हा तेही याच वर्तुळात ओढले गेले.

इंडिया हाऊसबद्दल लिहिताना बॉम्ब आणि पिस्तुलांवरच बोट ठेवले जाते. त्या घरात शिरणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर तिथे आधी भाताचा वास होता, आपली भाषा होती आणि कातडीचा रंग पाहून दार बंद न करणारे लोक होते. राजकारण तिथे रात्रीच्या जेवणानंतर येई. हे घर इतके जवळचे का झाले याचा विचार इंग्रज सरकारने वेळीच केला असता, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

सरकारने विचार केला, पण पोलिसी नजरेने. हिंदी विद्यार्थ्यांची परिस्थिती तपासायला १९०७ मध्ये सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल तेव्हा दाबून ठेवला गेला, तो उजेडात यायला १९२२ साल उजाडले. १ जुलै १९०९ रोजी इंडिया हाऊसमध्ये ऊठबस असलेल्या मदनलाल धिंग्रा या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये ब्रिटिश अधिकारी सर कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या. तो समारंभ नॅशनल इंडियन असोसिएशनचाच होता. इंडिया हाऊस बंद पडले. सरकारने हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती कचेरी काढली, लाहोरच्या सरकारी कॉलेजात शिकवलेले टॉमस अर्नोल्ड यांना सल्लागार नेमले, आणि १९१० मध्ये साउथ केन्सिंग्टनला २१ क्रॉमवेल रोड इथे ही कचेरी, नॅशनल इंडियन असोसिएशनसारख्या जुन्या संस्था आणि नव्याने येणाऱ्यांसाठी खोल्या एका छताखाली आणल्या. जागा चांगली, भाडे माफक. पण तिथे राहणाऱ्यावर पाळत असते, आपले बोलणे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसला पोहोचते, अशी विद्यार्थ्यांची खात्री होती. अर्नोल्डसारखा विद्यार्थ्यांवर माया करणारा माणूस नेमूनही तो संशय गेला नाही. ज्या घराची किल्ली संशयाच्या हाती आहे तिथे कुणी मनापासून राहत नाही, हे सरकारला उमगलेच नाही.

भीमराव आंबेडकरांच्या बाबतीत खोलीचा प्रश्न वेगळाच झाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली आणि जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये पहिली खोली मिळाली, पण तिथले जेवण गळ्याखाली उतरेना. म्हणून ते वेस्ट ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, जिथे इतर हिंदी विद्यार्थी राहत. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात एकटा, घरून आणलेल्या तरटावर बसलेला हा मुलगा न्यूयॉर्कमध्ये इतरांच्या शेजारी, त्याच टेबलावर जेवत होता. खोली घेताना त्याची जात कुणी विचारली नव्हती.

मग १९१७ साल आले. कोलंबियानंतर लंडनमध्ये सुरू केलेले शिक्षण अर्धवट टाकून, शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरी करण्यासाठी ते बडोद्याला परतले. राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत अस्पृश्याला प्रवेश नाही. अखेर त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून आसरा घेतला. दिवसाला दीड रुपया दर, वरच्या मजल्यावर अंधारी, एकाकी खोली. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले असताना हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणून बजावून गेले. मित्रांकडे विचारून पाहिले, तिथेही जागा नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्री मुंबईला निघाले. कोलंबियाचा पदवीधर, संस्थानचा अधिकारी, आणि आपल्याच देशात त्याला भाड्याने खोली नाही. परदेशी विद्यार्थ्याच्या परवडीच्या कितीही कहाण्या वाचल्या तरी या अकरा दिवसांइतकी लाजिरवाणी गोष्ट त्यांत सापडत नाही. त्यांनी स्वतः हा प्रसंग नंतर संयमाने लिहून ठेवला आहे.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेनांनी दिलेल्या कर्जावर. पुढे १० किंग हेन्रीज रोडवर खोली घेतली. चरित्रकार धनंजय कीर यांनी तिथल्या दिनक्रमाचे वर्णन केले आहे. घरमालकीण कडक, नाश्त्याला चहाचा पेला आणि पावाचा तुकडा, मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर वाचन. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की एका ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांच्या गठ्ठ्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि पेलाभर दूध प्यायचे. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध या खाण्यावर उभा राहिला. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन स्मारक केले. राहते घर संग्रहालय होऊ नये म्हणून कॅम्डन परिषदेने आक्षेप घेतला, सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली.

सरकारी घराला जे जमले नाही ते १९२० नंतर एका वसतिगृहाने बरेचसे साधले. पहिल्या महायुद्धात ब्लूम्सबरीत न्यूझीलंडच्या सैनिकांसाठी शेक्सपियर हट नावाची लाकडी इमारत उभारली होती. युद्धानंतर वायएमसीएचे हिंदी पुढारी के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने तिथे हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले, आणि काही वर्षांत ते जवळच गॉवर स्ट्रीटवर हलले. संस्था ख्रिस्ती असली तरी कारभार हिंदी माणसांच्या हातात होता. वादविवादाला बंदी नव्हती, साम्राज्यावर टीका करणारे वक्तेही येत, आणि जेवणात भात-आमटी मिळे. गावात इतरत्रही आपले अन्न मिळू लागले होते. जेरार्ड स्ट्रीटवरचे शफीज विद्यार्थ्यांना परवडणारे, तर १९२६ मध्ये रीजेंट स्ट्रीटला उघडलेले वीरास्वामी खिसा भरलेल्यांचे. १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि मराठी मुलांना सणासुदीला जायला हक्काची जागा झाली.

घरमालकिणींची दारे मात्र याच काळात जास्त घट्ट मिटू लागली. हिंदी विद्यार्थ्यांची संख्या वाढली तशी, खोली रिकामी आहे असे पत्राने कळवणारी बाई दारात काळासावळा चेहरा पाहून ती आत्ताच गेली म्हणू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ‘काळ्यांना नाही’ अशा पाट्या उघड लागत. १९६५ चा वंशसंबंध कायदा घरांना लागूच नव्हता. खोली नाकारणे बेकायदा ठरायला १९६८ चा दुसरा कायदा यावा लागला. म्हणजे गांधींनी वेस्ट केन्सिंग्टनमध्ये खोली घेतल्यानंतर ८० वर्षांनी.

गॉवर स्ट्रीटचे वसतिगृह महायुद्धातल्या बॉम्बफेकीत गेले. त्याच्या जागी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद राल्फ टब्स यांनी फिट्झरॉय स्क्वेअरच्या कोपऱ्यावर नवी इमारत बांधली. स्वातंत्र्यानंतर अभियांत्रिकी, वैद्यक आणि कायदा शिकायला गेलेल्या कितीतरी जणांचे लंडनमधले पहिले आठवडे या इमारतीत गेले, पुढे स्वतःची खोली मिळेपर्यंत. तिथल्या भोजनगृहात बाहेरच्यांनाही मुभा आहे, त्यामुळे दुपारी आजूबाजूच्या कचेऱ्यांतले लोकही ताट घेऊन विद्यार्थ्यांच्या रांगेत उभे राहतात.